इंग्रजीतलं गाऱ्हाणं

निवृत्त झाल्यावर माणसानं काय करावं, याबद्दल आमच्या गावात ठाम मतं आहेत. पुरुषानं देवळाच्या कमिटीत शिरावं आणि बाईनं नातवंडं सांभाळावीत. मला नातवंडं नाहीत आणि कमिटीत बायकांना घेत नाहीत. म्हणून मी आफ्रिकेत गेले.

असं एका दमात सांगितलं की लोकांना वाटतं, बाई थट्टा करतायत. पण घडलं ते साधारण असंच. दापोलीजवळच्या एका हायस्कुलात मी नोकरीभर इंग्रजी शिकवलं. निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते घड्याळ समोर लावून मी पंधरवडाभर बसले आणि माझा जीव घुसमटायला लागला. अशात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती परदेशातल्या शाळांना शिक्षक मिळवून देणाऱ्या एका संस्थेत कामाला होती. म्हणाली, "बाई, टांझानियाच्या किनाऱ्यावर एका हायस्कुलाला इंग्रजी शिकवायला माणूस हवंय. सहा महिने. पगार नाही, राहायची-जेवायची सोय आहे. तुमच्या ओळखीत आहे का कोणी?"

"आहे," मी म्हटलं. "मीच."

घरात ही बातमी मी माझ्या धाकट्या दिरांना सांगितली. आमचे हे गेल्यापासून घरातलं मोठं पुरुषमाणूस म्हणजे तेच. गावात त्यांना मान आहे, कारण देवळात गाऱ्हाणं तेच घालतात. सणाला, जत्रेला, कुणाच्या अडीअडचणीला देवीसमोर उभं राहून सगळ्या गावाच्या वतीनं ते देवीशी बोलतात, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यामागून सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. आवाज असा की बुरोंडीच्या बंदरावर होडी लावणाऱ्याला ऐकू जावा. तेवढ्याच मोठ्या आवाजात ते मला म्हणाले, "वयनी, ते लोक गोरी मडम मागत असतील. तुमी जाऊन उभ्या ऱ्हायलात तर म्हनतील, ही कोन आली भाजी विकायला? आनि तुमचा विंग्रजी खेडच्या पुढं कुनाला कललाय?"

मला राग आला. मला राग आला की कामं भराभर होतात. त्याच रागात पासपोर्ट झाला, इंजेक्शनं झाली, दोन बॅगा भरल्या. एका बॅगेत कपडे होते आणि दुसरीत कोकम, मेतकूट आणि पोह्याचे पापड होते.

शाळा टेकाडावर होती. खाली वाळू, नारळ, काजू, आंबे आणि खाडीच्या तोंडाशी कांदळवन. गाडीतून उतरले तेव्हा क्षणभर वाटलं, सहा तास विमानात बसवून मला परत कोकणातच आणून सोडलं की काय. फरक म्हणजे आमच्याकडे जांभा, तिथे पांढरा खडबडीत प्रवाळाचा दगड. आणि आमच्याकडे शेवाळ पाहिलं की पाय जपून टाकतात, तिथल्या बायका ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभ्या राहून दोऱ्या बांधून शेवाळाची शेती करतात.

हेडमास्तर फाटकाशी न्यायला आले. उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, देशाच्या आतल्या डोंगराळ भागातले. हात मिळवता मिळवता त्यांनी माझ्या खांद्यावरून गाडीत पाहिलं, अजून कोणी उतरतंय का म्हणून. कोणी उतरलं नाही. दिरांचं बोलणं आठवून मला इतका संताप आला की मी त्यांचा हात जरा जास्तच दाबला. मग त्यांनी मला शाळा दाखवली. ऑफिसच्या दारावर पाटी होती, 'इथे भेटवस्तू व लाच स्वीकारली जात नाही.' त्या पाटीशी ते मुद्दाम थांबले. माझ्या हातात कोकमाची पुडी होती, ती मी परत पिशवीत टाकली.

आत दुसरी पाटी होती. शाळेच्या आवारात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. तिथे हायस्कूलपासून सगळे विषय इंग्रजीत असतात आणि शेवटची परीक्षाही इंग्रजीतच होते. घरी, बाजारात, होडीवर मात्र सगळं स्वाहिलीत. त्यामुळे मुलं फाटकातून आत आली की मुकी व्हायची.

माझ्याकडे शेवटच्या वर्षाचा वर्ग होता. मी आत गेले की सगळी मुलं ताडकन उभी राहायची आणि छप्पर उडेल अशा आवाजात म्हणायची, "गुड मॉर्निंग, मॅडम." मी म्हणायची, "गुड मॉर्निंग." मग ती म्हणायची, "थँक्यू, मॅडम," आणि बसायची. तिथे आमचं संभाषण संपायचं. एकेकाला उभं केलं की तो जमिनीकडे बघायचा. व्याकरण माझ्या शाळेतल्या पोरांपेक्षा बरं होतं, लिहायला सांगितलं तर पानभर लिहायची. तोंड मात्र उघडायची नाहीत. संस्थेनं चित्रांचे तक्ते दिले होते. त्यांत बर्फातून घसरणारी मुलं होती. ते तक्ते मी पहिल्याच आठवड्यात कपाटावर टाकून दिले.

वर्गात सात मुली खाडीपलीकडून यायच्या. त्यांच्या गावाला रस्ता नव्हता. एका शिडाच्या होडीतून त्या यायच्या, आणि वेळेवर पोचल्या नाहीत तर घंटेबरोबर फाटक बंद व्हायचं. मग पहिला तास संपेपर्यंत त्या बाहेर भिंतीला टेकून उभ्या. पहिला तास माझाच असायचा. खिडकीतून मी पाहायची, चिखलात भरलेले पाय, हातात बूट, स्कर्टांच्या कडा ओल्या, आणि टेकाड चढून धापा टाकत येणाऱ्या मुली. त्यांच्यातली सगळ्यात उंच मुलगी पुढे असायची. फाटकाला हात लावेपर्यंत ती धावायची, मग हात खाली सोडून गप्प उभी राहायची.

हे आठवडाभर चालायचं. पुढच्या आठवड्यात सातही जणी सगळ्यांच्या आधी वर्गात. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा भिंतीला. हेडमास्तरांचा निष्कर्ष सरळ होता. "एक आठवडा वेळेवर येता येतं, म्हणजे दुसऱ्या आठवड्यातही येता येतं. आळशीपणा आहे." आणि आता त्यांच्या हजेरीत इतके खाडे झाले होते की शेवटच्या परीक्षेला त्यांची नावं पाठवायची नाहीत, असं त्यांनी ठरवलं होतं. नावं पाठवायला महिना उरला होता. परीक्षेला बसल्या नाहीत तर शाळा संपली. मग पाण्यात उभं राहून दोऱ्या बांधायच्या, आयांसारख्याच.

आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल की भरती रोज थोडी पुढे सरकते. आज सकाळी पाणी असेल तर आठ दिवसांनी त्याच वेळेला नुसता चिखल. मी हेडमास्तरांच्या ऑफिसात गेले आणि त्यांना ते समजावायला लागले. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, तुम्ही पाहुण्या आहात. त्यांचं तोंड तुम्ही का होता?"

"कारण त्या बोलत नाहीत."

"तेच म्हणतोय मी. इतकी वर्षं इंग्रजी शिकून स्वतःची तक्रार सांगता येत नसेल, तर परीक्षेला बसून काय करणार? माझा दरवाजा उघडा आहे. त्यांनी यावं आणि इंग्रजीत सांगावं. मी ऐकेन."

मला भांडायचं होतं. पण माणूस चुकीचं बोलत नव्हता, आणि चुकीचं न बोलणाऱ्या माणसाशी भांडणं मला जमत नाही. मी वर्गात जाऊन त्या उंच मुलीला म्हटलं, "जा, सांग त्यांना." ती उभी राहिली, ओठ हलले, डोळ्यांत पाणी आलं. ती बसली.

पुढे चार दिवस मी तिच्याकडून वाक्यं पाठ करून घेतली. माझ्या खोलीत म्हणे, ओसरीवर म्हणे, आणि ऑफिसच्या दारापर्यंत गेली की आतली इंग्रजीची पाटी वाचून परत फिरे. रात्री जेवताना मक्याच्या उकडीसमोर बसून वाटायचं, दीर म्हणत होते तेच खरं, मी भाजी विकायलाच यायला हवं होतं.

मग शिमगा आला. पालखीच्या दिवशी मी घरी नाही, असं लग्नानंतर पहिल्यांदाच होत होतं. दुपारी शाळा सुटल्यावर ओसरीच्या पायरीवर बसून मी घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ झालेली, पालखी सहाणेवर, गावातल्या तिच्या ओट्यावर, बसलेली. दिरांनी फोन कुणाच्या तरी हातात दिला आणि ओरडून सांगितलं, "वयनीला आयकू जाईल असा धर." आणि गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा गावदेवी, चतुःसीमेच्या धनिनी, बारा वाड्यांच्या आवशी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज जी काय तुजी लेकरा तुज्या पायाशी जमल्येत, नि जी पोटासाठी लांब गेल्येत, त्यांच्यावर नजर ठेव रं म्हाराजा!"

मी स्पीकर लावला होता. आणि इतक्या वर्षांची सवय, पायरीवर बसल्या बसल्या माझ्याही तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "व्हय म्हाराजा!"

मागे बोरिंगवर पाणी भरायला मुलं थांबली होती. पुढच्या वाक्याला तीही ओरडली, "व्हय म्हाराजा!" त्यांना वाटलं, मॅडमच्या देशातली ही काहीतरी गुड मॉर्निंगसारखी पद्धत असावी. तिसऱ्या वाक्याला सगळं बोरिंग म्हणत होतं. त्या सात मुलीही त्यात होत्या, होडीला पाणी यायची वाट बघत थांबलेल्या. ती उंच मुलगी तर हंडा खाली ठेवून, मान मागे टाकून ओरडत होती. तिचा एवढा मोठा आवाज आहे, हे मला तेव्हा कळलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण ती आनंदानं. या मुलांना एकट्यानं बोलायची भीती होती. एकामागून सगळ्यांनी ओरडायचं असेल तर त्यांना भीती ठाऊकच नव्हती. आणि सगळ्यांच्या वतीनं एकानं तक्रार मांडायची, मागच्यांनी त्याची पाठ राखायची, ही पद्धत माझ्या गावानं मला फुकट देऊन ठेवली होती. मी ती स्वतः कधी वापरली नव्हती एवढंच. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. मागे उभं राहून होकार देणं, एवढाच आमचा वाटा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी खुर्ची मधोमध रिकामी ठेवली. देवीला मी गावातच राहू दिलं, नेला तो नुसता साचा. म्हटलं, ही खुर्ची म्हणजे साहेब आहे. कुठला साहेब ते तुम्ही ठरवा. आधी त्याला त्याच्या सगळ्या मोठेपणानं हाक मारायची, म्हणजे तो कान देतो. मग आपण कोण ते सांगायचं. मग काय वाकडं झालंय ते. मग काय सरळ करून हवंय ते. आणि शेवटी, झालं तर आम्ही काय देऊ ते. नमुना म्हणून मी स्वतःच एक गाऱ्हाणं इंग्रजीत घातलं. शेवटाला सवयीनं एक लाल कोंबडा कबूल केला, आमच्या गावात देवाला देतात तसा. त्यात काही वावगं आहे हे मला सुचलंच नाही. कोंबड्याशिवाय गाऱ्हाणं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

पहिलं गाऱ्हाणं मागच्या बाकावरच्या एका मुलानं घातलं. "हे खुर्ची सर, मोठे सर, चार पायांचे सर."

"होय महाराजा!" वर्ग ओरडला. मराठी शब्द आवारात चालतील का, असं मी एका मास्तरांना हळूच विचारलं होतं. ते म्हणाले, पाटीवर स्वाहिली बंद आहे असा अर्थ घ्या.

"आम्ही शेवटच्या वर्गाची मुलं."

"होय महाराजा!"

"आमची नवी मॅडम फार भरभर बोलते. आणि फार रागावते."

"होय महाराजा!" हा होकार आधीच्या दोन्हींपेक्षा दणदणीत होता. मला राग आला, आणि मग इतकं हसू आलं की मी फळ्याला टेकले. तो दिवस मी विसरणार नाही. एका तासात अकरा मुलं बोलली. डाळीतले किडे, गळकं छप्पर, फुटबॉलमधली हवा, सगळं खुर्चीसमोर मांडून झालं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं. पण ते त्यांचं स्वतःचं होतं, पाठ केलेलं नव्हतं.

उंच मुलीनं चौथ्या दिवशी हात वर केला. सुरुवातीला आवाज फुटेना. पण पहिल्या वाक्याला मागून चाळीस जणांचा होकार आला आणि तिची मान वर झाली. मी मनात म्हटलं, आता फाटक उघडलंच म्हणून समज.

हेडमास्तरांना मी विचारलं, "मुलींना तक्रार सांगायची आहे. ऑफिसात नको, शुक्रवारी सगळ्या शाळेसमोर चालेल?" शुक्रवारी मधल्या सुट्टीआधी सगळी शाळा मैदानात जमत असे, तेव्हा त्या मुलीही आत असायच्या. ते जरा चकित झाले. "सगळ्या शाळेसमोर? बोलतील?" मी म्हटलं, "बोलतील." चेहरा मी निवडणुकीला उभं राहिल्यासारखा ठेवला.

शुक्रवारी मोठ्या आंब्याखाली शाळा जमली. हेडमास्तर खुर्चीत, मास्तर मागे बाकांवर. ती मुलगी पुढे आली. डोक्यावरचा पांढरा रुमाल घट्ट बांधलेला, दोन्ही हात समोर जोडून धरलेले. मी काही शिकवलं नव्हतं, तरी माझे दीर उभे राहतात अगदी तशी ती उभी राहिली.

"हे सर, हेडमास्तर सर, या शाळेचे सर, या घंटेचे सर, या फाटकाचे सर!"

"होय महाराजा!" माझा वर्ग गर्जला. मास्तर दचकून सरळ बसले.

"आम्ही खाडीपलीकडच्या सात मुली."

"होय महाराजा!" आता इतर वर्गही मिळाले.

"आमची होडी पाण्यावर चालते. घड्याळावर चालत नाही. पाणी रोज थोडं उशिरा येतं. एक आठवडा ते आम्हाला वेळेवर आणतं. दुसऱ्या आठवड्यात पाणी नसतं, चिखल असतो. आम्ही चिखलात उतरतो. आम्ही चालतो, मग आम्ही धावतो. आणि फाटक बंद असतं."

"होय महाराजा!"

"आम्ही आळशी नाही. जे वाकडं आहे ते सरळ करा, सर. फाटक उघडं ठेवा. आमची नावं परीक्षेला पाठवा."

"होय महाराजा!"

इथवर सगळं सोन्यासारखं झालं होतं. माझे डोळे भरून आले होते. आणि मग ती म्हणाली, "आणि सर, नावं पाठवलीत, तर आम्ही तुम्हाला एक कोंबडा देऊ. लाल. मोठा."

"होय महाराजा!" पाचशे मुलं आनंदानं ओरडली.

माझ्या पायाखालची वाळू सरकली. हेडमास्तरांनी मान वळवून ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. त्या पाटीकडे. सगळ्या शाळेसमोर, दिवसाढवळ्या, मोठ्या आवाजात लाच देऊ केली गेली होती, आणि ती शिकवणारी बाई दापोली तालुक्यातली होती. मी पुढे झाले. "सर, हे माझं..."

"मॅडम," ते म्हणाले, "मी हिला विचारणार आहे." आणि तिच्याकडे वळले. "कोंबडा कशासाठी?"

याचं उत्तर आम्ही तयार केलं नव्हतं. कशाचंच उत्तर तयार केलं नव्हतं, नुसतं गाऱ्हाणं केलं होतं. ती जमिनीकडे पाहू लागली. मला वाटलं, संपलं. पण तिनं मान वर केली.

"सर, मॅडमच्या गावात कोंबडा देवाला देतात. तुम्ही देव नाही. पण फाटक तुमच्या हातात आहे."

मास्तरांपैकी कुणीतरी खोकलं. हेडमास्तरांचा चेहरा हलला नाही. "पाणी रोज उशिरा येतं, हे मला आजपर्यंत कुणी का सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलं नाही, सर. आणि आम्हाला इंग्रजी येत नव्हतं."

"आणि आता येतं?"

तिनं मागे वळून वर्गाकडे पाहिलं. आणि सगळी शाळा एका आवाजात म्हणाली, "होय महाराजा!"

हेडमास्तर हसले. मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. आधी खांदे हलले, मग डोकं मागे गेलं, मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. उठून उभे राहिले आणि तिथल्या तिथे सांगितलं. खाडीपलीकडच्या मुलींना फाटक बंद होणार नाही. ओहोटीच्या दिवसांत त्यांचा बुडलेला तास शाळा सुटल्यावर होईल, तो मॅडम घेतील. आधीचे खाडे धरले जाणार नाहीत. सातही नावं जातील.

"आणि कोंबडा मी घेणार नाही," ते म्हणाले. "आधी पास व्हा. मग कोंबड्याचं बघू."

संध्याकाळी मी माझ्या खोलीत एकटीच नाचले. साठीच्या बाईनं नाचू नये वगैरे मला माहीत आहे. पण दार लावलेलं होतं.

पुढच्या सोमवारी ओहोटी होती. पहिला तास सुरू होऊन गेला होता. मी शिकवता शिकवता खिडकीशी उभी होते, आणि हळूहळू सगळा वर्ग खिडकीशी आला. खाली होडी लांब चिखलात थांबली. सातही जणी उतरल्या. हातात बूट घेऊन त्या काठाला आल्या. आणि मग टेकाडाच्या पायथ्याच्या नळाशी त्या बसल्या. पाय धुतले. मोजे घातले, बूट घातले, नाड्या बांधल्या. एकमेकींचे रुमाल नीट केले. आणि गप्पा मारत वर आल्या. चालत आल्या. उंच मुलगी सगळ्यांच्या मागे होती आणि काहीतरी सांगून बाकीच्यांना हसवत होती. पहारेकऱ्यानं फाटक पूर्ण उघडलं, मोटारीला उघडतात तसं. दाराशी येऊन त्या म्हणाल्या, "शिकामू, मॅडम." त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असं म्हणतात, तुमचे पाय धरते, असा त्याचा अर्थ. मी म्हटलं, "बसा. पान उघडा." यापेक्षा जास्त बोलले असते तर रडले असते.

जूनमध्ये मी परत आले. दिरांनी पहिल्याच दिवशी चहा पिताना विचारलं, "मग काय शिकवलात म्हनायचा तिकडं?"

"तुमचं गाऱ्हाणं," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. ते कप हातात धरून ऐकत राहिले, चहा गार झाला. शेवटी म्हणाले, "माजा गाऱ्हाना?" "तुमचंच," मी म्हटलं. त्यानंतर आठवडाभर ते वाडीत जिथे तिथे सांगत होते की आपलं गाऱ्हाणं परदेशात गेलं, आणि तेही इंग्रजीत. माझं नाव त्यात कधी यायचं, कधी राहून जायचं.

मुलींची परीक्षा नोव्हेंबरात होती. आमच्याकडे देवदिवाळीला देवळात गाव जमला. मी नेहमीसारखी बायकांत मागे उभी होते. गाऱ्हाणं संपत आलं आणि दीर थांबले. मला वाटलं, विसरले. मग त्यांनी आवाज चढवला. "आनि बा गावदेवी, आमच्या वयनीच्या सात पोरी समुद्राच्या पल्याड परीक्षेला बसल्येत, त्यांस्नी येस दे रं म्हाराजा! त्या पास झाल्या तर तुला लाल कोंबडा देतंव रं म्हाराजा!"

आमच्या अख्ख्या गावानं, ज्यानं ती खाडी पाहिली नाही, त्या मुली पाहिल्या नाहीत, छप्पर हलेल असा होकार दिला. मी दोनदा दिला.

जानेवारी संपता संपता दुपारी फोनवर उंच मुलीनं बोलून पाठवलेला निरोप आला. इंग्रजी भरभर, माझ्यासारखंच. "मॅडम, सात. सातही पास. इंग्रजीत मी वर्गात पहिली. सर म्हणतात, आता कोंबडा आणू नका, मी खरंच खाईन." मागे बायकांचा कल्ला चालला होता. मी तो निरोप दिरांना ऐकवला. त्यांना शब्द कळले नाहीत, पण सात हा आकडा मी बोटांनी दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात उभे. बगलेत लाल कोंबडा, दुसऱ्या हातात नारळ. "चला वयनी. बोललाव तर द्यायला हवा."

देवळात आम्ही दोघं आणि गुरव. दिरांनी नारळ ठेवला. मी सवयीनं मागे खांबाशी जाऊन उभी राहिले. ते देवीसमोरून बाजूला झाले.

"या पुडं," ते म्हणाले. "पोरी तुमच्या. तुमीच घाला."

गुरवानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घंटेची दोरी सोडून मागे सरकला. मी पुढे गेले. हात जोडले. सात नावं एकेक करून घेतली, त्यांच्या गावाचं नाव घेतलं, खाडीचं घेतलं, हेडमास्तरांचंही घेतलं. आवाज सुरुवातीला कापला. मग मी मान वर केली.

"बा गावदेवी, माझ्या पोरी पास झाल्या गं महाराजा."

आणि माझ्या मागून, खांबाशी उभ्या असलेल्या माझ्या दिरांचा आवाज आला, बुरोंडीच्या बंदरापर्यंत जाईल असा, "व्हय म्हाराजा!"